लाइनच्या गोळ्या

"हिनं आधी कुठल्या गोळ्या घेतल्यात? खरं सांगा, नाहीतर मी नुसतीच चाचपडत बसेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दवाखान्यातल्या खाटेवरची चिमणी तापाने फणफणली होती, तरी तिनं तोंड उघडलं नाही. फक्त मावशीकडे पाहिलं. चिमणी कामाला होती त्या शिलाई कारखान्यातल्या सगळ्या बायकांची ती मावशी. सख्खी कुणाचीच नाही, पण सख्खीपेक्षा हक्काची. पोर आपल्याला पाठीशी घालतेय हे मावशीला कळलं.

"मी दिल्या," ती म्हणाली.

मग सगळंच बाहेर आलं. कारखान्यात एकीनं कॉलर, दुसरीनं बाही, तिसरीनं काज करून पुढे सरकवायचं, अशी लाइन. एक बाई उठली की मागे कपड्यांचा ढीग आणि मुकादम डोक्यावर. म्हणून पाणी प्यायचंच नाही, म्हणजे उठायला नको. मग लघवीला जळजळ ठरलेली. मावशीला कधीकाळी एका डॉक्टरनं या गोळ्या दिल्या होत्या. तेव्हापासून तेच पाकीट ती दुकानातून आणायची आणि मशीनच्या खणात ठेवायची. नियम एकच. जळजळ थांबली की गोळी बंद, उरलेल्या खणात परत, पुढचीला लागतात. लाइनवर कात्रीवरून भांडणं व्हायची, पण या नियमात कुणी लबाडी केली नाही. मावशीला त्याचा कोण अभिमान!

लघवीच्या तपासणीचा कागद हाती आला तेव्हाही डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अर्धवट औषधानं लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते पोसलेत. आता हिच्यावर एकच औषध लागू पडतंय. तेही हातचं गेलं तर माझ्याकडे द्यायला काही नाही. बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं. मी तिला सांगेनच, पण का ते तुम्ही समजवा. तुमचं ऐकते ती."

मावशीनं मान डोलावली.

ताप उतरला तशी चिमणीला गोळ्या देऊन घरी पाठवलं. मावशीनं खणातलं पाकीट फेकून दिलं. लाइनवरच्या एकीनं हात पुढे केला तेव्हा "संपल्या" म्हणाली आणि मशीन जोरात चालवायला लागली. चिमणीकडे जायचं मात्र आज, उद्या करत राहिलं. समजवायचं म्हणजे तुझे हे हाल माझ्यामुळे झाले, असं तोंडावर सांगायचं. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच असेल की! पोर बरी होतेय, मग कशाला उगाच, अशी ती स्वतःचीच समजूत घालत राहिली. लाज वाटली की माणसाला सबबी भराभर सुचतात.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती गेलीच. दार चिमणीनंच उघडलं. गाल लालबुंद, डोळे चकाकत होते. रंग आला गं बाई पोरीच्या तोंडावर, असं वाटून मावशीच्या जिवात जीव आला.

"कशी आहेस?"

"ठणठणीत! उद्यापासून कामावर येते की नाही बघ. तू बस ना."

मावशी बसली. आता सांगायचंच, म्हणून तिनं घसा खाकरला. तेवढ्यात चिमणी कपाटाकडे गेली. साड्यांच्या घडीखालून तिनं कागदाची पुडी काढली आणि एखादा दागिना दाखवावा तशी मावशीसमोर धरली.

"मावशी, या फार जालीम आहेत हं! दोन दिवसांत जळजळ गायब. लगेच थांबवल्या. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या सगळ्या संपव, पण त्यांना काय माहीत आपली लाइन? या घे, खणात ठेव. पुढचीला लागतील."

तिनं पुडी मावशीच्या मुठीत कोंबली. चिमणीचा हात चटका बसावा इतका तापला होता.