आमेन होईपर्यंत

तिसऱ्यांदा पाइप वाजला, तेव्हा मोठ्या बाई खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंसाठीच प्रार्थना करत होत्या.

"हे दयाळू पित्या, तुझी ही वृद्ध सेविका तीन आठवडे अंथरुणावर आहे. तिला एकटं वाटू देऊ नकोस. तुझा दूत तिच्या उशाशी पाठव."

टण्, टण्, टण्. खोलीच्या कोपऱ्यातून पाण्याचा लोखंडी पाइप खाली जात होता, आवाज त्यातून येत होता. आठ बायकांचे डोळे मिटलेले होते. उघडे होते ते बाळाचे आणि बाळाच्या आईचे. बाळ रांगायला लागल्यापासून तिनं डोळे मिटून प्रार्थना केली नव्हती.

"कुठेतरी नळाचं काम चाललंय," टेलरबाई पुटपुटल्या. गळ्यातली टेप काढायची त्या आजही विसरल्या होत्या.

"आपण प्रार्थनेला बसलो की सैतान अडथळे आणतोच. लक्ष देऊ नका." मोठ्या बाईंनी आवाज चढवला आणि नर्सबाईंची प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली.

तोवर बाळ पाइपपाशी पोचलं होतं. त्यानं पाइपवर पंजा ठेवला. टण्, टण्, टण्. ते हसलं आणि त्यानं उलट थाप मारली. खालून लगेच उत्तर आलं, तीन-तीनची लय मोडून, घाईघाईनं, कितीतरी वेळ.

नळवाला असं वाजवत नाही. आई मोठ्या बाईंकडे वळली.

"ताई, खालून कुणीतरी बोलावतंय. नर्सबाईंची किल्ली घेऊ का?"

किल्ली समोरच होती, भिंतीवरच्या वचनाच्या पाटीखाली, खिळ्याला. उद्या पडलेबिडले तर असू दे तुमच्याकडे, म्हणून नर्सबाईंनीच ती मोठ्या बाईंना आणून दिली होती. मोठ्या बाईंनी डोळे न उघडता तळहात दाखवला.

"आमेन होऊ दे."

आईची कानशिलं तापली. विनंत्यांच्या वहीत नर्सबाई तीन आठवडे चौथ्या नंबरवर होत्या. दर गुरुवारी नाव वाचलं जायचं, उसासे पडायचे, मग चहा. मधल्या पायऱ्या सतरा. त्या उतरून कुणी गेलं नव्हतं. तीही नाही. तिच्याकडे बाळाचं कारण होतं. आजाऱ्याच्या खोलीतून घरी काय येईल कुणी सांगावं. तेच कारण आता तिला असं झोंबलं की ती उठलीच.

तिनं किल्ली काढली, बाळाला उचललं आणि सरळ मोठ्या बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाळ घसरायला लागलं. जोडलेले हात सोडवावेच लागले. सख्ख्या नणंदेच्या हातीही बाळ देताना दहा सूचना करणारी ती, मागं न बघता जिना उतरली.

नर्सबाई पलंग आणि भिंत यांच्या मध्ये जमिनीवर होत्या. मुठीत काठी. गाऊन ओला, फरशीही ओली. हाका मारून मारून घसा बसला होता.

"उचलू नकोस," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "कंबर जाईल तुझी. मोडलेलं काही नाही, मी बघितलंय. खुर्ची आण. आधी कुशीवर वळव, मग गुडघ्यांवर घे. चाळीस वर्षं लोकांना उठवलं, आज माझी पाळी."

मागून टेलरबाई आल्या. काही न विचारता त्यांनी टेप काढून खिडकीत ठेवली आणि दुसरी बाजू धरली. कूस, गुडघे, खुर्ची, पलंग. नर्सबाई सांगत गेल्या, दोघी करत गेल्या.

"कधी पडलात?"

"कामवाली गेली त्यानंतर. नऊ वाजले असतील."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

आईनं पाणी कोमट केलं, टॉवेल भिजवला. नर्सबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

"लाज वाटते गं पोरी."

"मी दिवसातून आठ वेळा हेच करते. शिवाय माझं गिऱ्हाईक लाथाही मारतं."

"थांब, पाय जरा सरळ होऊ दे, मीही मारते."

टेलरबाईंना हसू आलं. त्यांनी ओली चादर बादलीत टाकली आणि कोरडीची टोकं गादीखाली खोचू लागल्या.

छतातून मोठ्या बाईंचा आवाज खाली येत होता. शब्दन् शब्द. तुझी सेविका, एकटी, दूत, उशाशी. आईचा हात थांबला.

"हे सगळं तुम्हाला..."

"ऐकू येतं. दर गुरुवारी. आज माझं नाव आलं की मी जोरात वाजवत होते. म्हटलं, आता तरी लक्षात येईल."

आईनं टॉवेल पिळला. गरजेपेक्षा जास्त पिळला.

वर आमेन झालं. सावकाश पावलं जिना उतरली आणि मोठ्या बाई दारात आल्या, कडेवर बाळ. आतला वास त्यांच्यापर्यंत पोचला. त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या.

"अहो, आम्ही तुमच्यासाठीच तर बसलो होतो वर," त्या म्हणाल्या. "एक हाक नाही का मारायची?"

पडल्या पडल्याच नर्सबाईंनी काठी उचलली आणि भिंतीलगतच्या पाइपवर टेकवली.

टण्, टण्, टण्.

ओळखीचा आवाज ऐकून बाळ खिदळलं आणि मोठ्या बाईंच्या कडेवरून आत झेपावलं.