टेकडीमागचे सात

प्रदर्शनाचं दार उघडायच्या आत विद्याधरने पानिपतच्या देखाव्यातले सात चिमुकले घोडेस्वार उचलून पुठ्ठ्याच्या टेकडीमागे सारले. बाकीचं सैन्य परदेशी कंपनीचं, धातूचं. सात स्वार कमी पडले, म्हणून त्यानेच बायकोला, कुमुदला, मातीचे करायला लावले होते. पण ते इतरांपेक्षा डोकंभर उंच झाले, आणि आता चारचौघांत तिचं नाव सांगायची त्याला लाज वाटत होती.

कुमुद त्याचा डबा घेऊन आली, तेव्हा एक जाणकार गृहस्थ नेमके टेकडीमागे वाकले होते. "हे कुठल्या कंपनीचे हो?"

विद्याधर पुठ्ठ्याची टेकडी सरळ करू लागला.

"कंपनीचे नाहीत," कुमुदच म्हणाली. "कुणा नवशिकीने केलेत. तिचं मन मोडायला नको, म्हणून ठेवलेत यांनी."

गृहस्थांनी विद्याधरच्या पाठीवर थाप दिली. "मोठं मन आहे बुवा तुमचं!"