आडवी बाटली

"आई, तीस वर्षांची वाइन! आंबली असणार हो," बूच काढत सून म्हणाली.

कुमुदबाईंनाही तीच धास्ती होती. बोटीवर नोकरीला असलेल्या यजमानांनी ही लाल वाइन स्पेनहून आणली होती, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी. ते बाटली कपाटात आडवी ठेवत. दर दिवाळीच्या साफसफाईत कुमुदबाई ती उभी करत. "बूच सुकेल गं, हवा शिरून वाइन आंबेल!" ते ओरडत. ते वारल्यावर मात्र त्या स्वतःच ती आडवी ठेवू लागल्या.

आज, त्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांनी पहिला घोट तोंडात घोळवला. मनुका, तंबाखू आणि जुन्या चामड्याचा वास आला. रजेवर आलेल्या यजमानांची बॅग उघडली की अगदी असाच दरवळायचा.

"कशीय?"

"टिकलीय गं."

जेवणं आटोपल्यावर सुनेने रिकामी बाटली ओट्यावर उभी ठेवली. कुमुदबाईंनी ती हळूच आडवी केली.