उजवा खांदा

सुई टोचायच्या आधीच शिंपी ओरडला, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच हसला.

"बाई, आयुष्यभर सुयांशी संसार केला, आणि आता त्याच माझ्यावर उलटल्या!"

डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं. माणूस तसा गोड. बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्याने कंपाउंडरच्या शर्टाची कॉलर कुठे फसली आहे ते दाखवलं होतं आणि ती नीट करून द्यायचं कबूलही केलं होतं. आता तो उघड्या पाठीने टेबलावर पालथा पडला होता. उजवा खांदा आखडून कानाशी गेलेला. मान वळत नव्हती, हात छातीच्या वर उठत नव्हता.

"लेकीचं लग्न रविवारवर आलंय," डोक्याशी उभी असलेली बायको म्हणाली. "काहीही करा, पण यांचा उजवा हात मोकळा करा." डोळे आलेत म्हणून तिने खोलीतही गॉगल काढला नव्हता.

"बघा, माझ्यापेक्षा हिलाच घाई," शिंपी उशीत तोंड खुपसून म्हणाला.

बाईंनी अंगठ्याने चाचपत गाठ शोधली. मानेच्या मुळाशी, वाटाण्याएवढी, टणक.

"यात सुई शिरली की स्नायू उडेल. उडाला म्हणजे जागा बरोबर सापडली. तुम्ही मात्र हलायचं नाही. ताई, यांचा डावा हात धरून ठेवा."

बायको जागची हलली नाही. "डावा?"

"डावाच. उजवा उठतोय कुठे?"

तिने धरला, पण तापलेलं भांडं धरावं तसा. वाकून, अंग लांब ठेवून.

सुई आत गेली. गाठ निसटली. बाईंनी सुई अर्धी मागे घेतली आणि तिरपी करून पुन्हा खोल खुपसली. स्नायू गळाला लागलेल्या माशासारखा उडाला. शिंप्याने एक शिवी हासडली आणि त्याचा डावा हात सुटला. मूठ थेट बायकोच्या तोंडावर बसली. ती औषधांच्या ट्रेवर कोसळली. बाटल्या, कात्री, कापूस, सगळं फरशीवर. गॉगल घरंगळत भिंतीशी गेला.

डोळे आलेले नव्हते. एक डोळा काळानिळा होऊन मिटला होता आणि त्याखालचा गाल पिवळा पडत चालला होता. ओठ तेवढा आत्ताचा. त्यातून रक्त ठिबकत होतं.

"चुकून लागला गं," शिंपी पडल्या पडल्या म्हणाला.

"पडून राहा. हलू नका," म्हणून बाईंनी सुई उपसली आणि तिला पडद्यामागच्या बेसिनपाशी नेलं. नळ मोठा सोडला.

"हे कधीपासून चाललंय?"

"डाव्याचं म्हणताय? खांदा धरला तेव्हापासून."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी उजवा होता." एवढंही कळत नाही का, असा तिचा सूर. "उजव्याची तक्रार नाही हो. त्याला नेम आहे. पाठीवर, दंडावर, कपड्याखाली झाकलं जाईल असं. चारचौघांत वावरता येतं. हा डावा मेला आंधळा, कुठेही बसतो."

बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "मी सुई परत घालत नाही. खांदा तसाच राहू दे."

"आणि डाव्यापुढे कोण उभं राहणार? तुम्ही?" तिने ओठावर कापूस दाबला. "रविवारी फोटो काढतील. लेकीच्या शेजारी उभं राहायचंय मला. ओठाची सूज तोवर उतरते. डोळ्याला रंग चोपडीन. पण आता आणखी एक नको."

"मी पोलिसांना फोन करते."

"सोमवारी करा," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

बाईंनी नवी सुई उघडली. या वेळी शिंप्याचा डावा हात त्याच्याच पोटाखाली दाबून ठेवायला लावला. या वेळी बाईंचा हात हलका नव्हता. सुई आत गेली, वळली, पुन्हा गेली. शिंपी उशी चावत गुरासारखा हंबरला. स्नायू उडाला, थरथरला आणि मऊ पडला.

थोड्या वेळाने तो उठून बसला. उजवा हात त्याने भीत भीत बाजूला नेला. मग खांद्यापर्यंत. मग सरळ वर, छताकडे. दुखलं नाही. त्याचा चेहरा लहान मुलासारखा खुलला.

"अगं, बघ! बघ तरी, पार वर गेला!"

बायको वाकून गॉगल उचलत होती. ती उभी राहिली. हवेत उचललेला तो हात तिने पाहिला, आणि कुणी काही सांगायच्या आत त्याच्यापुढे पाठ केली.