चुकीच्या बाजूचं झाड

वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत दोघीच राहायच्या. नाताळ जवळ आला आणि मास्तरीणबाईंच्या पलंगाशी दिव्यांनी लखलखणारं झाड उभं राहिलं. पलीकडच्या पलंगावरच्या शिवणवाल्या आजींच्या पोटात दुखायला लागलं.

जो येई तो झाडापाशी थांबे आणि मास्तरीणबाई त्याला कौतुकाने सांगत, "तिकडे युरोपात थंडीत सगळी झाडं बोडकी होतात, हे तेवढं हिरवं राहतं. म्हणून पूर्वीचे लोक ते घरात आणत. वसंत परत येणार आहे, हे विसरायला नको ना! दिवे, चांदणी हे सगळं मागाहून आलं."

आजी भिंतीकडे तोंड करून पडत. आपल्यासाठी कुणी साधी फांदीसुद्धा आणली नाही, हे त्यांना सलत होतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पुरे झालं तुमचं झाडपुराण! मुलाने आणलं म्हणून किती मिरवायचं माणसाने?"

मास्तरीणबाई उठून आजींच्या पलंगाशी आल्या.

"मला कुठलं आलंय मूल? तुमच्याच मुलाने आणलंय ते. तुम्ही त्याचं तोंड बघत नाही. तुमच्या नावाने दिलं तर फेकून द्याल, म्हणून माझ्याकडे ठेवलं. आईला पडल्या पडल्या दिसलं तरी पुरे, म्हणाला."

आजींनी मान वळवून झाडाकडे पाहिलं.

"आता कुठे आहे तो?"

"खाली बाकावर. रोज बसतो."

आजी उठून बसल्या. त्यांनी केस सारखे केले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"बोलवा त्याला वर. आणि सांगा, झाड चुकीच्या बाजूला ठेवलंय."