बिरोबाची जागा

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. घरची पांढरी पिकअप आहे. पुढे दोन माणसं बसतात, मागच्या सीटवर तिघं आणि त्यामागच्या हौद्यात मेंढरं. ड्रायव्हरशेजारची सीट तुमची फार आवडती. पण सात महिने झाले, तिच्यावर बसायला बंदी आहे. आज ती बंदी उठणार आहे. तुमचे पाय एका जागी ठरतील का?

रुपालीचेही ठरत नव्हते. सोलापूरच्या एका वर्कशॉपच्या फरशीवर ती सारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

बंदी घातली होती गाडीच्या कंपनीच्या पत्रानं. धडक बसली की समोरून एअरबॅग फुगते आणि माणसाला झेलते. पण या गाड्यांमध्ये बॅग फुगवणारी धातूची डबीच सदोष निघाली होती. ती फुटून तिचे तुकडे उडू शकत होते. म्हणून डबी बदलून मिळेपर्यंत ड्रायव्हरशेजारी कुणालाही बसवू नका, असं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र रुपालीनंच घरात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि वाचता वाचता स्वतःचीच जागा घालवली होती.

तिचे वडील जोतिराम याच गाडीतून मेंढरं बाजाराला नेत. दर सोमवारी ते वर्कशॉपला फोन करत आणि दर सोमवारी एकच उत्तर मिळे, "डबी पुण्याहून निघालीय."

"चालत येतीया जणू," आज्जा म्हणत. "एवढ्या दिसांत आमची मेंढरं इजापूरला जाऊन माघारी येत व्हती."

आज्जा म्हणजे सिद्धाप्पा. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं हिंडण्यात गेलं होतं. मागच्या सीटवर नातीशेजारी बसून ते त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. जोतिराम दोन वर्षांचा असताना त्याला सामानावर बसवून घोड्याच्या पाठीला कसं बांधलं होतं आणि शेजारच्या पोत्यातून नवी कोकरं मुंडकी काढून कशी त्याचे कान चाटत होती, ही गोष्ट निघाली की गाडी चालवणारे जोतिराम अजूनही कानाला हात लावत. आज सकाळी निघताना सिद्धाप्पांनी नातीला शब्द दिला होता, "डबी बदलली की माघारी येताना पुडं तूच."

आता डबी खरोखर टेबलावर आली होती. मेकॅनिक हिंदुराव गाडीत डोकावले आणि तसेच थांबले.

समोरच्या डॅशबोर्डवर, बरोबर एअरबॅगच्या झाकणावर, बिरोबाची वीतभर पितळी मूर्ती चिकटवलेली होती. गाडी घेतली त्या दिवशी सिद्धाप्पांनी स्वतःच्या हातानं ती बसवली होती.

"बाबा, ही इथून काढावी लागेल," हिंदुराव म्हणाले. "बॅग फुगते तेव्हा हे झाकण डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं. त्यावर जे असेल ते समोरच्याच्या तोंडावर येणार."

"आमचा देव आमच्याच अंगावर यील व्हय?"

"देव नाही येणार, बाबा. पितळ येईल."

जोतिराम हसले, पण वडिलांचा चेहरा पाहून त्यांनी हसू गिळलं.

"देव पुडंच ऱ्हाणार," सिद्धाप्पा म्हणाले. "वाट त्योच दावतोय. ऱ्हाऊ दे तुमची डबी. चल रं जोतिराम."

सात महिने कंपनीनं उशीर केला होता. आता डबी तयार होती आणि घरचे लोक निघाले होते! जोतिराम खाली बघत किल्ल्या चाळवू लागले. वडिलांपुढं बोलायची त्यांना सवय नव्हती. रुपालीच्या डोळ्यांसमोरून पुढची सीट पुन्हा लांब जाऊ लागली. ती आज्जाच्या वाटेत उभी राहिली.

"आज्जा, तू मेंढरं घेऊन निघायचास, तवा देव कुटं असायचा?"

"कुटं म्हंजे? संगं."

"संगं, पर कुटं? पुडं?"

सिद्धाप्पा जरा थांबले. "पुडं मी चालायचो. देव घोड्यावर. घोंगड्यात गुंडाळून, मागं."

"आन् घोड्यावर आनिक कोन असायचं?"

"कोकरं. बारकी पोरं. तुजा बा." म्हातारा नातीकडे बघतच राहिला. "जपायचं सगळं घोड्यावरच की."

"मंग देव मागं पोरांसंगं बसंल की! त्याची तीच जागा हाय."

मग सिद्धाप्पांनी डोक्यावरचा पटका नीट केला, देवाला हात जोडले आणि हिंदुरावांना मान हलवून खूण केली. हिंदुरावांनी आधी बूट काढून ठेवले. मग बारीक तार घालून मूर्ती अलगद सोडवली. तासाभरात नवी डबी बसली, झाकण बंद झालं.

रुपाली धावत जाऊन पुढच्या दाराशी उभी राहिली.

"थांब थांब," सिद्धाप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते. "देव पोरांसंगं मागं बसंल म्हनलीस न्हवं? मंग पोरं कुटं बसायची?"

रुपालीनं दारावरचा हात काढला. दुसऱ्यांदा तिनं स्वतःच्याच तोंडानं ती सीट घालवली होती.

"बरोबर बोलतायत आजोबा," हिंदुराव बूट घालता घालता म्हणाले. "बॅग चांगली असली तरी लहान मुलांनी मागंच बसायचं. ती मोठ्या माणसाच्या मापाची असते."

रुपालीनं पुढच्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं आज्जाच्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतली, बिरोबाला नीट गुंडाळलं, मागच्या सीटवर मधोमध ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. शेजारी बसून स्वतःचाही लावला. आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली,

"आज्जा, हुबा का ऱ्हायलास? मेंढक्यानं पुडं चालायचं असतंय की!"