बंद पेटीतला क्रोनोग्राफ

"आज चेन्नईच्या घड्याळशौकिनांचा इतिहास नव्यानं लिहिला जाणार!" असं जाहीर करून कृष्णकांतांनी पेटीच्या झाकणाला हात घातला.

"माप्पिळै, राहुकाळ लागलाय," त्यांच्या तंजावरी सासूबाई आतून जावयाला म्हणाल्या. "नवी वस्तू आत्ता उघडायची नाही. फिल्टर कापी घ्या सगळे."

हात मागे आला. जुन्या धाटणीचा हा नवाकोरा स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं मनगटी घड्याळ, त्यांनी बँकेतून निवृत्त होताना हौसेनं घेतला होता. समोर बसलेल्या, घड्याळांच्या क्लबातल्या तिघा जाणकारांनी एकदा 'वा!' म्हटलं की आपणही संग्राहक झालो, एवढीच आस होती.

जाणकारांना मात्र राहुकाळ आड आला नाही. बंद पेटीकडे रोखून बघत विश्वजित म्हणाला, "तारखेच्या खिडकीनं सगळी शोभा घालवली हो."

"आणि डायल? चहात बुडवून काढल्यासारखी!" शोळिंगनल्लूरहून आलेला कौशिक म्हणाला. त्यानं इंटरनेटवर सगळं वाचलं होतं.

"बटणं घट्ट आहेत," निधीनं अंगठा चोळत सांगितलं.

कृष्णकांत पेटी मांडीवर घेऊन ऐकत राहिले. एकदा "पण..." म्हणाले, तर त्यांना हातानंच थांबवून पट्ट्याची शिवणही निकालात काढली गेली.

राहुकाळ संपला, तोवर चर्चाही संपली होती. घड्याळ एकमतानं नापास करून मंडळी दाराशी चपला शोधू लागली.

कृष्णकांत उघडी पेटी घेऊन मागोमाग धावले.



"अहो, आता आलाच आहात, तर एकदा बघून तरी जा."